आयसिनची आग, १९९७: साठा नेमका कुठे होता?

पुरवठा साखळीची व्यूहरचना पदव्युत्तर पातळीवर शिकताना टोयोटाला ब्रेकचे भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या कारखान्यातल्या आगीचे हे प्रकरण आज ना उद्या समोर येतेच. वर्गात ते बहुधा दोन वाक्यांत उरकले जाते: टोयोटाकडे साठा नव्हता म्हणून कारखाने बंद पडले, आणि पुरवठादार मदतीला धावले म्हणून आठवडाभरात सगळे सुरळीत झाले. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण एवढ्यावर थांबले की विद्यार्थी दोनपैकी एका गटात जाऊन बसतो, 'जस्ट इन टाइम (साठा न करता लागेल तेव्हाच माल मागवायची टोयोटाची पद्धत) फसले' किंवा 'जस्ट इन टाइम जिंकले', आणि पुढचा तासभर नुसता वाद होतो. मला वाटते, या प्रकरणातला खरा प्रश्न वेगळाच आहे. संकटात उपयोगी पडणारा साठा गोदामात नव्हता हे उघड आहे. मग तो होता कुठे, त्याचा खर्च कोण उचलत होते, आणि तो दुसऱ्या कुणाला उभा करता येईल का?

आधी घटना. शनिवार, १ फेब्रुवारी १९९७. पहाटे सव्वाचारच्या सुमारास जपानमधल्या कारिया शहरात आयसिन सेइकी या कंपनीच्या पहिल्या क्रमांकाच्या कारखान्यात आग लागली. सकाळी नऊच्या आत ब्रेकच्या सुट्या भागांच्या लाइन जळून गेल्या होत्या. खास याच कामासाठी बनवलेली पाचशेच्या वर यंत्रे तिथे होती, त्यातली बहुतेक निकामी झाली. त्या लाइनवर मुख्यतः 'पी-व्हॉल्व्ह' बनायचा. मागच्या चाकांच्या ब्रेककडे जाणारा दाब हा व्हॉल्व्ह मर्यादेत ठेवतो, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी मागची चाके अडकून गाडी घसरत नाही. तळहातावर मावेल एवढा भाग, किंमत साधारण हजार येनच्या आसपास. आयसिन असे सुमारे ३२,५०० व्हॉल्व्ह रोज बनवत होती आणि टोयोटाला लागणाऱ्या पी-व्हॉल्व्हपैकी ९९ टक्के तिथूनच जात होते. टोयोटाच्या कारखान्यांत काही तासांचा, आणि वाटेतल्या ट्रकमधला वगैरे सगळा धरून फार तर दोन-तीन दिवसांचा माल होता.

मंगळवारी, ४ तारखेला, टोयोटाच्या ३० पैकी २० लाइन थांबल्या. ५ आणि ६ तारखेला जपानमधले जवळजवळ सगळे उत्पादन बंद होते. त्या काळात टोयोटा जपानमध्ये दिवसाला १५ हजारांवर गाड्या बनवत होती, आणि या खंडामुळे सत्तर हजारांच्या घरात गाड्या मागे पडल्या. शुक्रवारी, ७ तारखेला, बहुतेक लाइन पुन्हा चालू लागल्या आणि सोमवारी, १० तारखेला, उत्पादन जवळपास पूर्वपदावर आले. मागे पडलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच नंतर जादा पाळ्या लावून भरून काढल्या गेल्या.

प्रकरण वाचताना पहिल्या तीन दिवसांवर जास्त वेळ घालवावा असे मी आग्रहाने सांगते. निर्णय तिथेच झाले.

शनिवार सकाळ

आयसिनच्या हाती मार्ग थोडेच होते. खास यंत्रे नव्याने मागवायची म्हणजे महिने जाणार. जळालेल्यातून वाचवता येतील ती यंत्रे दुरुस्त करायची, तर त्यालाही आठवडे लागणार. उरला तिसरा मार्ग: ड्रॉइंग दुसऱ्यांच्या हाती देऊन 'जमेल तसे बनवा' म्हणायचे. आग विझायच्या आधीच आयसिनने आपत्कालीन पथक उभे केले आणि त्याच दिवशी इतर पुरवठादारांना साकडे घातले. ड्रॉइंग फॅक्सने गेली. साठाहून अधिक कंपन्या थेट व्हॉल्व्ह बनवायच्या कामाला लागल्या. त्यांच्यामागचे छोटे उपपुरवठादार, जिग (काम करताना भाग पक्का धरून ठेवणारे साचे) करणारे, ड्रिल पुरवणारे, सगळे धरले तर आकडा दोनशेच्या आसपास जातो.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा जीव त्यातच आहे. आयसिन वर्षानुवर्षे हा व्हॉल्व्ह खास यंत्रांवर बनवत आली होती. मदतीला आलेल्या कंपन्यांकडे ती यंत्रे नव्हती. त्यांच्याकडे होती सर्वसाधारण कामाची मशीनिंग सेंटर, मिलिंग मशीन आणि ड्रिलिंग मशीन. या यंत्रांवर हाच व्हॉल्व्ह कसा बनवायचा हे आयसिनलाही ठाऊक नव्हते. ती ड्रॉइंग देऊ शकत होती, मापे सांगू शकत होती, कुठल्या छिद्राची अचूकता किती हवी हेही सांगू शकत होती, पण 'असे करा' म्हणायला तिच्याकडे कृती नव्हती. प्रत्येकाने आपापली कृती शोधून काढली. व्हॉल्व्हचे प्रकार शंभरावर, आतली छिद्रे निमुळती आणि काटेकोर, आणि भाग ब्रेकचा. म्हणजे नमुना पारखून घेतल्याशिवाय पुढे सरकायची सोय नव्हती.

या कामाची किंमत काय पडत होती, ते ब्रदर इंडस्ट्रीजकडे पाहिले की कळते. ही शिलाई मशीन आणि फॅक्स मशीन बनवणारी कंपनी. गाडीचा सुटा भाग तिने कधी बनवला नव्हता. एक मिलिंग मशीन या कामासाठी जुळवून घ्यायला तिने सुमारे ५०० मनुष्यतास घातले, आणि त्यातून दिवसाला निघाले जेमतेम ४० व्हॉल्व्ह. रोजच्या हिशेबाने बघितले तर हा शुद्ध तोटा. दुसरीकडे डेन्सोसारख्या मोठ्या पुरवठादाराने स्वतःचे चालू काम बाहेर देऊन मशीनिंग सेंटर मोकळी केली आणि त्यांवर व्हॉल्व्ह घेतला. पहिली बाजी मात्र एका लहान कंपनीने मारली. क्योरित्सु सांग्यो या पुरवठादाराने आग लागल्यापासून सुमारे ८५ तासांत वापरण्याजोगे पहिले एक हजार व्हॉल्व्ह टोयोटाला पोचवले. रोजची गरज ३२,५०० आणि हातात हजार. पण त्या हजारांनी एक गोष्ट पक्की झाली: सर्वसाधारण यंत्रांवर हे जमते.

पैशांचे कुणी विचारले नाही, ते का?

काम सुरू होताना कुणी दर ठरवला नाही, करार केला नाही, ड्रॉइंगच्या मालकीवरून वाद घातला नाही. नंतर आयसिनने मदत करणाऱ्यांचा मजुरी, साहित्य, यंत्रे यांचा थेट खर्च भरून दिला. टोयोटाने आपल्या पहिल्या फळीतल्या, म्हणजे तिला थेट माल देणाऱ्या, पुरवठादारांना त्यांच्या जानेवारी ते मार्च या तिमाहीतल्या विक्रीच्या एक टक्क्याइतकी रक्कम दिली, एकूण दीड हजार कोटी येनच्या वर. पुढे त्या पुरवठादारांतल्या अनेकांनी आपल्या खालच्या फळीलाही त्यातला वाटा दिला.

हे वाचून विद्यार्थी पटकन लिहून मोकळे होतात: 'जपानी संस्कृती'. मला हे उत्तर मान्य नाही. संस्कृती म्हटले की विश्लेषण तिथेच थांबते, कारण संस्कृतीबद्दल व्यवस्थापकाला काहीच निर्णय घेता येत नाही. त्यापेक्षा दोन साधी कारणे आधी तपासावीत. एक म्हणजे, टोयोटाची लाइन थांबली की सीट बनवणाऱ्याचीही लाइन थांबते आणि आरसे बनवणाऱ्याचीही, कारण माल उचलायला कुणीच नसते. साठा कमी ठेवण्याच्या पद्धतीत एकाची अडचण काही तासांत सगळ्यांची होते. म्हणजे ज्या पद्धतीमुळे संकट इतक्या वेगाने पसरले, त्याच पद्धतीने प्रत्येकाला ते सोडवण्याचे कारणही दिले. दुसरे कारण संबंध किती लांबणार याचे. टोयोटाचे पुरवठादार क्योहोकाइ या संघटनेत १९४३ पासून एकत्र येत होते, एकमेकांच्या कारखान्यांत जाऊन लाइन सुधारण्याचे अभ्यासगट चालवत होते. आज घातलेल्या श्रमांची नोंद राहील आणि ती पुढच्या दहा-वीस वर्षांच्या व्यवहारात धरली जाईल, हे प्रत्येकाला अनुभवाने माहीत होते. दरवर्षी निविदा काढून पुरवठादार बदलणाऱ्या खरेदीदाराला शनिवारी सकाळी फोन करायला असे दोनशे लोक मिळणार नाहीत.

त्याच अभ्यासगटांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती. या कंपन्या एकमेकींची ड्रॉइंग वाचू शकत होत्या, एकाच तऱ्हेने अडचण फोडून पाहत होत्या, कुणाकडे कुठले यंत्र आहे आणि कुणाचा हात कशावर बसला आहे याची त्यांना कल्पना होती. साठा होता तो हा. त्यावर वर्षानुवर्षे खर्च झाला होता, लोकांचे तास गेले होते, पण कुठल्याही ताळेबंदात तो 'साठा' म्हणून दिसत नव्हता.

आता गणित

हिशेब न करता मत देणे या विषयात चालत नाही, म्हणून ढोबळ आकडे मांडून बघू. व्हॉल्व्ह हजार येनचा धरला तर एका दिवसाचे उत्पादन सव्वातीन कोटी येनचे. दहा दिवसांचा साठा ठेवायचा तर साडेबत्तीस कोटी येन अडकतील. टोयोटाने नंतर वाटलेले दीड हजार कोटी येन याच्याशेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, साठा ठेवायलाच हवा होता.

पण हा हिशेब आग लागून गेल्यानंतरचा आहे. ३१ जानेवारीला कुणालाही माहीत नव्हते की वीस-तीस हजार भागांपैकी नेमका हाच भाग नडणार आहे. म्हणून साठ्याचा नियम करायचा तर तो सगळ्या भागांना लावावा लागेल. एका गाडीत बाहेरून आलेला माल दहा लाख येनचा आहे असे गृहीत धरू (हे माझे गृहीतक, कंपनीचा आकडा नव्हे). दिवसाला १५ हजार गाड्या म्हणजे रोजचा माल दीड हजार कोटी येनचा. दहा दिवसांचा साठा पंधरा हजार कोटींचा, आणि तो सांभाळायचा खर्च वर्षाला दहा टक्के धरला तर दीड हजार कोटी येन. म्हणजे आगीनंतर टोयोटाने पुरवठादारांना एकदाच दिली तेवढी रक्कम दरवर्षी जाणार. शिवाय साठा वाढला की दोष लपतात. खराब माल दहा दिवसांनी लाइनवर येतो, तोवर तो बनवणारे यंत्र दहा दिवस तसाच माल काढत राहिलेले असते. सरसकट साठा न ठेवण्याचा टोयोटाचा निर्णय मला योग्य वाटतो, आणि आगीनंतरही कंपनीने आपली मूळ पद्धत सोडली नाही याचे नवल वाटत नाही.

टोयोटाची चूक दुसरीकडे होती, आणि वर्गातल्या चर्चेत ती निसटते. एकच पुरवठादार असणे आणि एकच ठिकाण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरवठादार एकच ठेवल्याने दर, दर्जा, नवे डिझाइन एकत्र बसून करणे असे बरेच फायदे मिळतात. ते सगळे फायदे राखूनही आयसिनला हा व्हॉल्व्ह दोन कारखान्यांत बनवता आला असता. जवळपास सगळे पी-व्हॉल्व्ह एकाच छपराखाली बनवणे ही आयसिनसाठी यंत्रांच्या खर्चातली बचत होती, आणि त्या बचतीची जोखीम टोयोटाच्या पदरात पडत होती. ती टोयोटाच्या खरेदी विभागाच्या नजरेत का भरली नसावी, याचे एक कारण अंदाजाने सांगता येते. वर्षभराच्या खरेदीच्या रकमेवरून भागांची अ, ब, क अशी वर्गवारी केली की हजार येनचा व्हॉल्व्ह 'क' वर्गात जातो, आणि 'क' वर्गाकडे वरिष्ठ कुणी ढुंकूनही पाहत नाही. पीटर क्रालिच यांनी १९८३ मध्ये खरेदीची जी चौकट मांडली तिच्यात म्हणूनच दोन अक्ष आहेत, एक पैशांचा आणि एक पुरवठ्याच्या जोखमीचा. पैशाने क्षुल्लक पण अडला तर सगळे अडवणारे भाग तिच्यात वेगळ्या खान्यात येतात. पी-व्हॉल्व्ह त्या खान्यातला, अगदी मधोमध.

एमआयटीचे डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी पुढे मांडलेल्या दोन मोजमापांनी हेच प्रकरण आणखी स्वच्छ दिसते. एखादे ठिकाण बंद पडले तर साखळी किती दिवस तग धरेल, हा एक काळ. ते ठिकाण पुन्हा सावरायला किती लागतील, हा दुसरा. दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असेल तर तिथे धोका आहे. इथे तग धरण्याचा काळ दोन-तीन दिवसांचा होता. सावरण्याचा काळ मात्र कुणाचा मोजता यावर ठरतो. जळालेल्या लाइनचा मोजला तर तो आठवडे-महिन्यांचा, आणि सगळ्या जाळ्याचा मोजला तर पहिल्या मालाला साडेतीन दिवस, पूर्वपदावर यायला नऊ. त्यामुळे कारखान्यागणिक तक्ता भरताना ज्याने फक्त त्या कारखान्याची दुरुस्ती मोजली, त्याचे उत्तर या प्रकरणात सपशेल चुकते.

हे सगळीकडे चालेल का?

नाही, आणि ते टोयोटाच्याच पुढच्या इतिहासात दिसते. ११ मार्च २०११ च्या भूकंपात इबाराकी प्रांतातला रेनेसास कंपनीचा नाका इथला कारखाना बंद पडला. तिथे गाड्यांसाठी लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलर चिप बनत होत्या. मदतीला माणसे तेव्हाही धावली, वाहन कंपन्यांनी आपले लोक मोठ्या संख्येने पाठवले. फरक असा की १९९७ मध्ये काम मदत करणाऱ्यांच्या कारखान्यांत गेले, आणि २०११ मध्ये मदत करणाऱ्यांना कामाच्या ठिकाणी जावे लागले. चिप काही मिलिंग मशीनवर निघत नाही. तिला तीच स्वच्छ खोली, तीच उपकरणे, आणि एका वेफरवर (ज्यावर चिप कोरल्या जातात ती सिलिकॉनची चकती) दोन-तीन महिने चालणारी प्रक्रिया लागते. नाका इथले उत्पादन जूनमध्ये, तेही अंशतः, सुरू झाले.

टोयोटाने यातून जे केले ते मला फार शिकण्यासारखे वाटते. सरसकट साठा तिने तेव्हाही वाढवला नाही. आपल्या पुरवठादारांचे पुरवठादार कोण आणि नेमके कुठे आहेत याची माहिती गोळा करून तिने ती एका ठिकाणी आणली, आणि ज्या भागांना पर्याय उभा करायला फार वेळ लागतो, विशेषतः चिप, त्यांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांनी ठेवावा असे ठरवले. २०२१ च्या सुरुवातीला चिपच्या टंचाईने इतर वाहन कंपन्यांचे उत्पादन कोसळत होते तेव्हा टोयोटा बराच काळ तगली, ती यामुळे. त्यालाही मर्यादा होतीच: त्या सप्टेंबरमध्ये आग्नेय आशियातले पुरवठादार कोविडने बंद पडले आणि टोयोटाला जागतिक उत्पादन ठरल्यापेक्षा ४० टक्क्यांनी कमी करावे लागले.

मधल्या काळात, एप्रिल २०१६ मध्ये, कुमामोतोच्या भूकंपाने आयसिनच्याच उपकंपनीचा दरवाजांचे भाग बनवणारा कारखाना बंद पाडला आणि टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन पुन्हा काही दिवस थांबल्या. एकोणीस वर्षांनी, त्याच समूहात, पुन्हा तसाच एका भागावरून सगळे अडले. हे वाचून कुणी म्हणेल की काहीच शिकले नाहीत. मी इतके कठोर होणार नाही. दोन ठिकाणी यंत्रे बसवण्याचा खर्च दर वर्षी हिशेबात दिसतो आणि भूकंप एखाद्याच वर्षी येतो, म्हणून हा निर्णय प्रत्येक भागासाठी पुन्हा पुन्हा नव्याने घ्यावा लागतो आणि पुन्हा पुन्हा पुढे ढकलला जातो.

या प्रकरणावर निवेदन लिहायचे असेल तर मी दोन पानांच्या मजकुरापेक्षा एक तक्ता मागेन. तुम्ही खरेदीप्रमुख आहात आणि तारीख आगीच्या आधीची आहे. ओळीत एकेक भाग, आणि पाच रकाने: किती ठिकाणी बनतो, किती दिवसांचा साठा आहे, दुसरे कोण बनवू शकेल, त्याला शिकायला किती दिवस लागतील, आणि ते शिकण्यासाठी त्याने आपले काम बाजूला का ठेवावे. पहिले दोन रकाने संगणकातून मिळतात. तिसरा आणि चौथा भरायला कारखान्यांत जाऊन यंत्रे पाहावी लागतात. पाचव्या रकान्यात बहुतेक जण 'चांगले संबंध' असे लिहितात. मी ते खोडते आणि विचारते: गेल्या पाच वर्षांत या पुरवठादारासाठी आपण नेमके काय केले, ते लिहा.

आणि तक्त्यात एक ओळ अशी ठेवा जिच्यात भागच नाही. १ मार्च २०२२ रोजी कोजिमा प्रेस या पुरवठादारावरच्या सायबर हल्ल्यामुळे टोयोटाने जपानमधल्या १४ कारखान्यांतल्या २८ लाइन एक दिवस बंद ठेवल्या. यंत्रे शाबूत होती, माणसे हजर होती. अडली होती ती कंपन्यांमधली माहितीची देवाणघेवाण, आणि तिच्यासाठी तिसऱ्या रकान्यात कुणाचे नाव लिहायचे हे १९९७ च्या अनुभवातून सापडत नाही.